लाल नोटांचे चाळीस रुपये

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या नाशिकच्या घरी एक पितळी डबा कपाटातून खाली उतरायचा. आजी त्यातले अकरा चांदीचे रुपये काढायची, चिंचेच्या कोळात बुडवून ठेवायची, रांगोळीनं घासून लख्ख करायची आणि पाटावर मांडून हळद-कुंकू वाहायची. दुसऱ्या दिवशी डबा परत वर. त्या रुपयांखाली आणखी काय काय आहे ते आम्हा मुलांना वर्षातून एकदाच, तेही पाच मिनिटं, बघायला मिळायचं. तांब्याचं एक जाड, ओबडधोबड नाणं होतं, त्याला सगळे 'महाराजांचं नाणं' म्हणायचे. फारसी अक्षरांचा एक जाड रुपया होता. एका भरदार बाईचा चेहरा असलेलं १७८० सालचं मोठ्ठं चांदीचं नाणं होतं. दोन रुपयांची राजाची एक नोट होती. आणि तळाशी, पोस्टाच्या पाकिटात, दहा-दहाच्या चार लाल नोटा. त्या दिसल्या की आजीचा टोमणा ठरलेला : "हे ह्यांचे बहारीनचे चाळीस रुपये. ना तिथं खर्चले, ना इथं चालले!" आजोबा पेपर वर धरून तोंड झाकायचे.

आजोबा मी कॉलेजात असताना गेले, आजी दोन वर्षांपूर्वी. त्यानंतर जुनं घर पाडून तिथं इमारत उभी करायचं ठरलं. आत्या त्याच घरात राहायची, तिनंच आजीचं शेवटपर्यंत केलं. ती आता भाड्याच्या जागेत जाणार, मग डब्याचं काय करायचं? विकून तिघांत वाटून टाकू, असं काकांचं मत पडलं. बाबा काहीच बोलले नाहीत. आत्या म्हणाली, "माझे पूजेचे रुपये सोडून काय ते करा." आणि किंमत काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉम्प्युटरवाला! आपल्याकडे कॉम्प्युटरवाल्याला प्रिंटरपासून पंचांगापर्यंत सगळं यावं अशी अपेक्षा असते, हे इथल्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

आता मी बँकांच्या जुन्या सिस्टीममधला डेटा नव्या सिस्टीममध्ये नेण्याची कामं करतो. तेव्हा सवयीनं एक्सेल उघडलं. नाव, साल, राजा, धातू, वजन असे रकाने पाडले. बाबांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले, काकांनी ओळखीच्या सराफाकडून वजनं करून घेतली. पहिल्याच वीकेंडला लक्षात आलं की या डेटामधली निम्मी फील्ड्स सरळ खोटं बोलतायत. नाण्यावर जे लिहिलंय ते वाचून जी किंमत येते, ती बहुतेक वेळा चुकीची.

सुरुवात महाराजांच्या नाण्यापासून. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या सुमारास सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. नाण्यांवर सगळीकडे फारसी चालत असताना देवनागरी अक्षरं घालणं ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती! होन आज अतिशय दुर्मिळ आहे. शिवराईचं मात्र वेगळं झालं. लोकांचा तिच्यावर इतका विश्वास बसला, की महाराजांच्या नंतरही ती त्याच नावानं पाडली जात राहिली. सातारच्या गादीच्या काळात, पेशवाईत, थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत. टांकसाळींचे परवाने सोनार-सराफांकडे असायचे, त्यामुळे कुठे 'श्री' वाकडा, कुठे 'छत्र' अर्धंच उठलेलं. आमच्या नाण्याच्या मागच्या बाजूला 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा आहेत. जाणकार त्याला 'दुदांडी शिवराई' म्हणतात आणि ती पेशवाईच्या उत्तरकाळातली. म्हणजे महाराज गेल्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा पाडलेली. अशा शिवराया एवढ्या निघाल्या, की जुन्या बाजारात त्या आजही सहज मिळतात.

हे मी फोनवर सांगितलं तेव्हा काका तडकले. त्यांनी लहानपणापासून ते नाणं महाराजांच्या हातचं म्हणून कपाळाला लावलं होतं. "तुझा तो गुगल काहीही सांगतो," म्हणाले. मला स्वतःला मात्र उलट वाटलं. राजा गेल्यावर शंभर वर्षं लोक त्याच्याच नावाचा पैसा मागतात, ही मला जास्त मोठी गोष्ट वाटते. पण बाजार अशा गोष्टीला पैसे देत नाही, हे खरंच.

फारसी रुपयाची गंमत याच्या बरोबर उलटी. त्यावर नाव मोगल बादशहा शाह आलमचं. आम्ही घरात त्याला 'दिल्लीचा रुपया' म्हणत होतो. प्रत्यक्षात तो निघाला आमच्या गल्लीतला! पेशव्यांनी रुपये पाडले ते बादशहाच्याच नावानं. पुण्याचा अंकुशी रुपया, ज्यावर हत्तीच्या अंकुशाची खूण असते, तोही तसाच. चांदवडचा चांदोरी रुपयाही तसाच. आमच्या रुपयावर जरीपटक्याची बारीक खूण आहे आणि टांकसाळीचं नाव आहे गुलशनाबाद. गुलशनाबाद म्हणजे मोगलांनी नाशिकला दिलेलं नाव. तेव्हा राजा दिल्लीचा, सत्ता पुण्याची आणि घाव घातला नाशिकच्या टांकसाळीनं.

त्या काळी असे कितीतरी प्रकारचे रुपये एकाच बाजारात फिरत. कुणाची चांदी चोख, कुणाची हिणकस. म्हणून प्रत्येक व्यवहारात सराफ लागायचा. तो नाणं दगडावर आपटून आवाज ऐकायचा, तेच आपलं 'खणखणीत नाणं'. आणि एका रुपयाचा दुसरा करून देताना बट्टा कापायचा. नावाला बट्टा लागतो तो शब्द हाच. १८३५ साली कंपनी सरकारनं सगळीकडे एकच रुपया आणला, वजन १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. मग सराफांचा हा धंदा हळूहळू बसला. हा रुपया इतका नेमका होता की घराघरात तो वजन म्हणूनच वापरला जाई. आजी औषधाची पूड 'रुपयाभार' घे म्हणायची ती त्यामुळेच.

पूजेचे अकरा रुपये याच जातीचे. सहा व्हिक्टोरिया राणीचे, तीन सातव्या एडवर्डचे, दोन पंचम जॉर्जचे. राणीच्या रुपयांपैकी चारांवर साल १८६२. एकाच वर्षाचे चार कसे, म्हणून शोधलं तर कळलं की १८६२ चा साचा पुढे १८७४ पर्यंत साल न बदलता वापरला गेला. मुंबईच्या टांकसाळीनं म्हणे बारीक टिंबं टाकून वर्षांचा हिशोब ठेवला, आणि संग्राहक भिंग लावून ती टिंबं मोजतात. आमच्या प्रोग्रामर लोकांनी एखादी तारीख हार्डकोड करून ठेवावी आणि बारा वर्षं कुणी हात लावू नये, तसला हा प्रकार. १७८० च्या बाईनं तर कहर केला. ती ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा. ती १७८० साली वारली, पण अरबस्तानात आणि इथिओपियात तिच्या थेलर नाण्यावर व्यापाऱ्यांचा इतका भरवसा होता की तेच चित्र, तेच साल ठेवून ते नाणं पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ पाडलं गेलं. व्हिएन्नात, लंडनला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, १९४०-४१ मध्ये, चक्क आपल्या मुंबईच्या टांकसाळीत! आखातात ते सर्रास चालायचं. आमचं नाणं असंच नंतरचं निघालं. अडीचशे वर्षं जुनं म्हणून जपलेल्या नाण्याला चांदीच्या भावापेक्षा थोडंसंच जास्त.

अकरा रुपयांत एक १९११ चा होता. त्या वर्षी पंचम जॉर्जच्या झग्यावर कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि सरकारला तो रुपया मागे घेऊन १९१२ मध्ये चित्र सुधारावं लागलं. म्हणून १९११ च्या रुपयाला इतरांपेक्षा भाव जास्त. मी हर्षभरित होऊन आत्याला भिंग लावून हत्ती शोधायला सांगितलं. ती म्हणाली, "हत्तीच काय, राजाचे कानसुद्धा दिसत नाहीत." शंभर वर्षांची चिंच आणि रांगोळी! संग्राहकाला नाण्यावर काळाचा जो काळपट थर लागतो तोच हवा असतो. घासून चमकवलेलं नाणं त्याच्या लेखी जखमी. तुमच्या घरी असं काही असेल तर माझं ऐका, विकायचं मनात असो वा नसो, धुऊ नका, घासू नका, चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट तर मुळीच करू नका.

पहिल्यांदा गावातल्या एका दुकानात दाखवलं. त्यानं रुपये काट्यावर टाकले, घट धरून भाव सांगितला, गुलशनाबादी रुपयाही त्याच ढिगात टाकला. लाल नोटा पाहून म्हणाला, "ह्या खेळण्यातल्या आहेत का?" त्याच आठवड्यात चुलतभावानं एक व्हिडिओ पाठवला, वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला म्हणे लाखो रुपये मिळतात, फक्त आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरायचे. असल्या फसवणुकीत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरलं जातं म्हणून बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना जाहीर इशाराही दिला आहे. एक जण वजनावर घेतो, दुसरा स्वप्नावर. खरी किंमत शोधायची तर जुन्या लिलावांत तशीच वस्तू, त्याच अवस्थेत, प्रत्यक्षात कितीला गेली हे बघावं लागतं. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, हे फ्लॅट विकलेल्यांना माहीत आहेच.

आता लाल नोटा.

आजोबा १९५६ साली बोटीनं बहारीनला आले, एका तेल कंपनीत कारकून म्हणून. तेव्हा इथे चालत होता तो आपलाच रुपया. नुसता बहारीनमध्ये नाही, कुवेत, कतार, दुबई-शारजा, मस्कत, सगळीकडे. पगार रुपयात, सूकमधली भाजी रुपयात. मुंबईहून निघालेला माणूस इथे उतरला की त्याला पैसे बदलावे लागत नसत! (आज आपण एक्स्चेंज हाऊससमोर रांगेत उभं राहून रेट बघतो, तेव्हा मला हे हमखास आठवतं.)

गोची झाली सोन्यामुळे. भारतात सोनं महाग, इथे स्वस्त. व्यापारी नोटांच्या थप्प्या घेऊन इकडे यायचे, सोनं घ्यायचे आणि ते गलबतांतून चोरून आपल्या किनाऱ्याला लागायचं. तिकडे त्या नोटा इथल्या बँकांमधून रिझर्व्ह बँकेकडे परत जायच्या आणि भारताला त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागायचे. म्हणजे चोरट्या सोन्याचं बिल शेवटी देशाच्या गंगाजळीतून फेडलं जात होतं. आधीच परकीय चलनाची टंचाई. म्हणून १९५९ साली कायदा दुरुस्त करून आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. नक्षी तीच, अशोकस्तंभ तोच, गव्हर्नर अय्यंगारांची सही तीच. फक्त रंग बदललेला आणि नंबराच्या आधी इंग्रजी झेड अक्षर. दहाची नोट लाल. या नोटा भारतात चालणार नाहीत अशीच सोय होती. त्याच सुमारास हज यात्रेकरूंसाठीही वेगळ्या नोटा निघाल्या, त्यांच्या नंबरावर एच-ए.

आणि ह्या नोटा छापल्या कुठे? त्या काळात रिझर्व्ह बँकेच्या नोटा छापणारा छापखाना एकच, नाशिक रोडचा. देवासचा नंतर, १९७० च्या दशकातला. आमच्या घरापासून सिटी बसनं जाता येईल अशा ठिकाणी छापलेली नोट समुद्र ओलांडून आजोबांच्या पगारात येत होती, आणि ती घेऊन ते घरी आले तर नाशिकमध्ये तिची किंमत शून्य!

१९६२ मध्ये नेमकं तेच झालं. पणजी अत्यवस्थ असल्याची तार आली आणि आजोबा मिळेल त्या बोटीनं निघाले. बँकेत जायला वेळ मिळाला नाही. खिशात चाळीस रुपये राहिले. ते पैसे वेगळे काढून ठेवलेले होते. सात वर्षांच्या आत्याला पत्रात सोन्याच्या कुड्या कबूल केल्या होत्या. नाशिकच्या एका बँकेतल्या माणसानं नोटा उलटसुलट करून परत दिल्या, मुंबईला रिझर्व्ह बँकेत जाऊन बघा म्हणाला. पणजी गेली, दिवस-कार्य झालं, आजोबा परत इकडे आलेच नाहीत, आणि चाळीस रुपयांसाठी मुंबईची खेप करणं राहून गेलं. ऑक्टोबर १९६५ मध्ये बहारीननं स्वतःचा दिनार काढला, दहा रुपयांचा एक दिनार. मग ६ जून १९६६ ला भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरून साडेसात रुपयांवर गेला, आणि कतार-दुबईनंही रुपया सोडला. ओमाननं तेवढा १९७० पर्यंत धरून ठेवला. बहुतेक नोटा परत जाऊन नष्ट झाल्या. राहिल्या त्या अशाच, कुणाच्या तरी आळसामुळे.

कुड्यांची ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. लाल नोटांना लिलावात काय किंमत मिळते हे मी फोनवर सांगत होतो, तेव्हा पलीकडे बाबा एकदम गप्प झाले आणि मग त्यांनी सांगितली. आईचा टोमणा पैशांबद्दल नव्हता, म्हणाले. आत्याला विचारलं तर ती म्हणे, "मला आठवतंय की. पण ह्यांना वाईट वाटेल म्हणून मी कधी विषय काढला नाही."

मी मे महिन्यात सुट्टीवर गेलो, तेव्हा बाबा आणि मी डबा घेऊन मुंबईच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्यानं नोटा उजेडात धरल्या, जलचिन्ह पाहिलं, घड्या मोजल्या. चारही नोटांना डाव्या बाजूला टाचणीची भोकं होती. मी मनातल्या मनात किंमत कमी करायला लागलो, तर तो म्हणाला, "त्याचं काही नाही, आपल्याकडे बँकाच टाचायच्या." खरंच की! नोटांच्या गड्ड्या टाचणं बंद करा असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २००१ मध्ये निघाला. दोन रुपयांची नोट त्यानं परत दिली, ही सांभाळा, हिला फार पैसे येणार नाहीत. तिच्यावर सहाव्या जॉर्जचं चित्र आणि खाली सी. डी. देशमुखांची सही. रोह्याला वाढलेला आपला माणूस १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, इंग्रज राजाच्या चित्राखाली त्याची सही! ती बाबांनी विकायला साफ नकार दिला.

जाता जाता एक महत्त्वाचं. माझ्या मनात शिवराई मुलांना दाखवायला इथे आणायचं होतं. नशीब, आधी चौकशी केली. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं भारताबाहेर नेता येत नाही, आपल्या स्वतःच्या आजोबांचं असलं तरी. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. आणि ही शंभर वर्षांची रेघ दरवर्षी एकेक साल पुढे सरकते, पंचम जॉर्जचे कितीतरी रुपये आता तिच्या पलीकडे गेलेत. वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून मिळतो, शंका असेल तर तो घ्यावा. आजीच्या पेटीतला रुपया हँडबॅगेत टाकून विमानतळावर जाणारे आपल्यात पुष्कळ असतील, म्हणून लिहिलं. तसंच २०१६ मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा कुणाच्या डब्यात निघाल्या तर २०१७ च्या कायद्यानं दहापेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाहीत, अभ्यासक-संग्राहकांना पंचवीस. त्यांना संग्राहक हिंग लावूनही विचारत नाहीत ते वेगळंच.

लिलावाला चार महिने लागले. फोटो, वर्णन, कमिशन, मग पैसे. तीन लाल नोटा विकल्या, त्यांना बाकी सगळ्या डब्याहून जास्त पैसे आले. गुलशनाबादी रुपया नाशिकच्याच एका संग्राहकानं घेतला, याचा मला उगीचच आनंद झाला. थेलर गेला. शिवराई काकांकडे आहे, देवघरात. ती दुदांडी आहे हे त्यांना आता मान्य आहे, पण पाहुण्यांसमोर मी ते बोलायचं नाही.

वाटणीच्या वेळी बाबा आणि काका दोघांनीही सांगून टाकलं की लाल नोटांचे पैसे आत्याचे. साठ वर्षांच्या व्याजासकट. ती म्हणाली, "आता कुड्या घालायला माझे कान लोंबलेत रे." पण गेली, आणि मोत्याच्या नाही, सोन्याच्याच घेऊन आली. उरले ते तिच्या नव्या जागेच्या डिपॉझिटला गेले. चौथी नोट बाबांच्या कपाटात, देशमुखांच्या शेजारी.

अकरा रुपये तिच्याकडेच आहेत. परवा व्हिडिओ कॉलवर दिसलं, ओट्यावर वाटीत चिंच भिजत घातलेली. म्हटलं, आत्या, किती वेळा सांगितलं, चिंचेनं धुऊ नकोस, किंमत जाते.

"अरे," ती म्हणाली, "विकायचे आहेत का ते?"